शेवटचं कडवं कापू नका
(जयंती मंडळांना आणि डीजेवाल्या पोरांना खुलं पत्र)

जयंती मंडळांचे कार्यकर्ते, डीजे लावणारी पोरं आणि भीमगीतं कापून-जोडून मोबाईलवर चढवणारे तुम्ही सगळे, यांस

सप्रेम जय भीम.

पत्र रागाचं आहे, हे आधीच सांगून टाकते. पण राग घरच्या पोरांवर करतात तसला आहे, तेव्हा वाचून तर घ्या.

मागच्या चौदा एप्रिलला मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. मी ओट्यावर उभी, आई शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर. आईनं ऐंशी ओलांडली आहे. गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू झाला, कान मात्र शाबूत. तुमच्या गाडीवर ‘उद्धरली कोटी कुळे’ लागलं. खाली ठोका नवा होता, पण शब्द तेच. आई मान हलवायला लागली. एक कडवं झालं, दुसरं झालं, आणि आईनं उजवा हात वर केला. शेवटच्या कडव्याला ती असा हात वर करते. पूर्वी गायनपार्टीतले कोरसवाले करायचे, त्यांचं पाहून लागलेली सवय. तेवढ्यात गाणं तुटलं. भोंगा वाजला, कुणीतरी मंडळाचं नाव ओरडलं आणि दुसरंच गाणं सुरू झालं. आईचा हात तसाच वर. थोड्या वेळानं तो खाली आला आणि तिनं मला विचारलं, “वामन कुठं गेला गं?”

मला उत्तर देता आलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तुमच्यातल्या विशी-बाविशीच्या मुलांना हा वामन कोण हे ठाऊक असेलच असं मी धरून चालत नाही, आणि त्यात तुमचा दोषही धरत नाही. वामन तबाजी कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, गाव देशवंडी, तालुका सिन्नर, म्हणजे आपल्याच नाशिक जिल्ह्यातले. सगळा महाराष्ट्र त्यांना वामनदादा म्हणायचा, आणि तो ‘दादा’ आदराचा कमी, घरातला जास्त. १५ मे २००४ ला ते गेले. या दोन तारखांच्या मधल्या काळात त्यांनी किती गाणी लिहिली याचा नीट हिशेब कुणाकडेच नाही. लिहिली, चालीवर बसवली, गायली आणि जो मागेल त्याला देऊन टाकली. तुमच्या पेनड्राइव्हमध्ये आत्ता जेवढी भीमगीतं आहेत त्यातली कितीतरी त्यांची निघतील. फाईलवर मात्र नाव भलत्याचंच असतं. कुठं मिक्स करणाऱ्या डीजेचं, कुठं नुसतंच ‘पारंपरिक’.

पारंपरिक! माझ्या वडिलांच्या मांडीला मांडी लावून बसलेला माणूस पारंपरिक कसा होईल?

एक गोष्ट मध्येच सांगते, कारण यात भले भले चुकतात. बाबासाहेबांच्या हयातीत, तिसाच्या दशकात ज्यांनी जलसे, म्हणजे गाण्या-नाट्यांतून चळवळ सांगणारे कार्यक्रम, गाजवले ते भीमराव कर्डक. तेही नाशिक जिल्ह्यातलेच. ‘माझी दहा भाषणं आणि शाहिराचा एक जलसा बरोबरीचा’ असं बाबासाहेब म्हणाल्याचं आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, ते जलसेवाल्या कर्डकांच्या संदर्भात. वामनदादा त्यांच्यानंतरचे. बॅनरवर एकाचा फोटो आणि खाली दुसऱ्याची माहिती, हे मी स्वतः पाहिलं आहे. निदान दोन कर्डक आहेत एवढं तरी लक्षात ठेवा.

आता वामन गाण्यात कुठं असतो ते सांगते.

वामनदादांच्या बहुतेक गाण्यांत शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव येतं. ‘वामन’, ‘वामनाचे’, ‘वामना’, जशी ओळ वाकेल तसं. ही काही स्वतःची जाहिरात नव्हे. आपल्या मातीतली ती जुनी रीत आहे. तुकोबांचा अभंग ‘तुका म्हणे’वर येऊन थांबतो, जनाबाईचा ‘जनी म्हणे’वर. चोखोबा स्वतःचं नाव घालतात. सोयराबाई तर अभंगाच्या शेवटी ‘चोख्याची महारी’ म्हणून उभी राहते. ज्या जातीचं नाव घ्यायलाही लोक कचरत, तेच नाव तिनं विठ्ठलापुढं सही म्हणून ठेवलं. गझलवाल्यांतही हीच रीत, शेवटच्या शेरात शायराचं नाव. वामनदादांनी अभंगही पचवला होता आणि गझल-कव्वालीही, म्हणून त्यांची सही दोन्हीकडून आलेली आहे.

आपल्या लोकांकडं काय होतं लिहून ठेवायला? बहुतेकांकडं स्वतःची म्हणावी अशी जमीन नव्हती. गावच्या दप्तरात आपलं नाव बाकीच्या रकान्यात. आमचे वडील म्हणायचे, “वामनदादाचं शेवटचं कडवं म्हणजे त्याचा सातबारा.” हे गाणं कुणाचं, कुणी कसलं, कुणाच्या घामाचं, सगळं त्या एका ओळीत. तुम्ही तीच ओळ कापता.

‘उद्धरली कोटी कुळे’चंच बघा. सबंध गाणं कोटी कुळांचं आहे, बाबासाहेबांच्या जन्मानं कोटी कुळं उद्धरली असं ते सांगतं. कोटी हा आकडा मोठा, पण कोटीला चेहरा नसतो. मग शेवटच्या कडव्यात तो माणूस स्वतःला पुढं आणतो आणि सांगतो की कालपर्यंत वामनाचं जिणं कवडीमोल होतं. झालं. कोटी कुळांतलं एक कूळ समोर येऊन उभं राहिलं. गाणं तिथं पुरं होतं. त्याच्या आधी तोडलंत तर उरते ती नुसती घोषणा.

आणि या माणसाला हे नाव लिहिता येत नव्हतं, हे तुम्हाला माहीत आहे का? ही हकिगत आमच्याकडच्या प्रत्येक पार्टीवाल्याला पाठ होती. वामनदादा पोटासाठी मुंबईला गेले, गिरणीत आणि मिळेल तिथं राबले, शिवडीच्या चाळीत राहिले. एक माणूस त्यांच्याकडं पत्र घेऊन आला, जरा वाचून दाखवा म्हणाला. बघायला शिकलेले वाटत असावेत. यांना एक अक्षर लागेना. त्या दिवशी ते रडले, आणि मग देहलवी नावाच्या मास्तरांकडं बसून अक्षरं गिरवायला लागले. विशीच्या आसपासचा बाप्या माणूस, पोराच्या पाटीवर. मी एकोणतीस वर्षं टपाल खात्यात काढली. पत्र हातात धरून “ताई, एवढं वाचून दाखवता का” असं विचारणारी माणसं मी खिडकीतून रोज पाहिली. त्या विचारण्यात केवढी लाज असते ते मला माहीत आहे. ज्याच्याकडं मागितलं त्यालाही वाचता येत नव्हतं, ही लाज मी फक्त वामनदादांच्या गोष्टीतच ऐकली. तोच माणूस पुढं आयुष्यभर प्रत्येक गाण्याच्या खाली आपलं नाव लिहीत गेला. ते नाव तुम्ही पुसता तेव्हा नेमकं काय पुसता, याचा विचार करा.

आमचे वडील मनमाडच्या रेल्वे कारखान्यात होते. पुलाचे गर्डर बनवतात तो कारखाना. दिवसा रिव्हेट, रात्री पेटी. त्यांची स्वतःची छोटी गायनपार्टी होती. पेटी, ढोलकी, बेंजो, दोन कोरसवाले आणि एक मुख्य गायक, जो कायम घसा धरून बसायचा. मोठे गायक आले की हे लोक साथीला, नाहीतर आसपासच्या खेड्यांत आपले आपण. बिदागी म्हणजे जेवण, एसटीचं भाडं आणि जमलं तर वर थोडंफार. मनमाड तसं चळवळीचं गाव. फेब्रुवारी १९३८ मध्ये बाबासाहेबांनी इथंच रेल्वे कामगारांच्या परिषदेत सांगितलं होतं की ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू. वामनदादांचं ‘सांगा आम्हाला बिर्ला, बाटा, टाटा कुठाय हो’ हे गाणं आमच्या कॉलनीत लागायचं तेव्हा म्हातारे एकमेकांकडं बघून हसायचे. भाषणातलं गाण्यात आलं, एवढाच त्यांचा अर्थ. ‘सांगा धनाचा साठा न आमचा वाटा कुठाय हो’ ही ओळ माझ्या वडिलांनी पगारवाढीच्या सभेत म्हटलेली मी ऐकली आहे. साहेबासमोर. चाल लावून.

वडिलांकडं एक वही होती. कारखान्याच्या जुन्या रजिस्टरमधली कोरी पानं शिवून केलेली. कार्यक्रमात वामनदादा गायला बसले की वडील मांडीवर वही घेऊन बसायचे. पहिली ओळ निसटली तरी चालेल, शेवटचं कडवं निसटता कामा नये, हा त्यांचा नेम. बाकीचं पाठ असणारे दहा जण भेटतात, शेवट पाठ असणारा एखादाच. आणि प्रत्येक गाण्यात ‘वामन’ या शब्दाखाली ते लाल पेन्सिलीनं रेघ ओढायचे.

माझ्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. वही रोज डोळ्यांसमोर, प्रत्येक पानावर एकाच शब्दाखाली लाल रेघ. एके दिवशी तिनं विचारलं, हा एवढा कोणता शब्द आहे? वडिलांनी सांगितलं. वा. म. न. काना एकच, वेलांटी नाही, जोडाक्षर नाही. आईनं आयुष्यात वाचलेला पहिला शब्द तो. स्वतःचं नाव ती नंतर शिकली, कारण तिच्या नावात जोडाक्षर आहे.

म्हणून तिनं विचारलं, वामन कुठं गेला.

आता ज्या दिवशी वामनदादा गेले त्या रात्रीचं सांगते. तो शनिवार होता. दोनच दिवसांपूर्वी लोकसभेचा निकाल लागला होता आणि टीव्हीवर सरकार कुणाचं याशिवाय दुसरी भाषा नव्हती. नाशिकहून नातेवाइकाचा फोन आला. वडील तोवर निवृत्त झाले होते. ते काही बोलले नाहीत, उठून पेटीवरचं फडकं काढलं. संध्याकाळपर्यंत जुन्या पार्टीतले चौघं जण आले. कुणी बोलावलं नव्हतं. ढोलकीवाल्या काकांच्या हाताला तेव्हा कंप होता, तरी ढोलकी घेऊनच आले. समाजमंदिरात सतरंजी पसरली. बायका एका बाजूला, माणसं एका बाजूला. फोटो नव्हता, म्हणून वडिलांनी ‘वाटचाल’ हा त्यांचा १९७३ सालचा पहिला संग्रह, कव्हर फाटलेला, तोच पाटावर ठेवला आणि मेणबत्ती लावली.

मग गाणी सुरू झाली. ‘तुफानातले दिवे आम्ही’ झालं. ‘भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते’ झालं. रडारड नव्हती. उलट गाताना सगळे जरा जोरातच होते, मेलेल्या माणसाला झोपेतून उठवायचं असावं तसं. आणि पहिल्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यावर आले तेव्हा अडकले. नाव आलं. वडिलांनी पेटीवर सूर धरून ठेवला, गायकाचं तोंड उघडं, पण शब्द येईना. कारण तोवर हे नाव घेतलं की तो माणूस कुठंतरी असायचा. एखाद्या गावात, एखाद्या एसटीत, कुणाच्या तरी ओट्यावर चहा पीत. आज नाव घ्यायचं म्हणजे काय?

ती ओळ बायकांच्या बाजूनं आली. आईनं म्हटली. ती पार्टीत कधी गायली नव्हती, स्वयंपाकघराबाहेर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. तिनं ती ओळ पुरी केली आणि उजवा हात वर केला. मग कोरस आला. त्यानंतर पहाटेपर्यंत प्रत्येक गाण्याचं शेवटचं कडवं बायकांनीच म्हटलं. माणसांनी तिथवर आणून सोडायचं, पुढचं बायकांनी न्यायचं. ठरवून काही झालं नाही.

सव्वा महिना गेला आणि २३ जूनला प्रल्हाद शिंदे गेले. ज्या आवाजानं आमची घरं जागी होत तो आवाज. त्या वर्षी पावसाळाभर वडिलांनी पेटी उघडली नाही. २०१० साली विठ्ठल उमप नागपूरला दीक्षाभूमीवर, मंचावरच कोसळले आणि गेले, तेव्हा वडील एवढंच म्हणाले, “गाणारा असाच जावा.”

कैची तुम्हीच पहिल्यांदा लावली असं मात्र मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? आधी रात्र रात्र कार्यक्रम चालायचे. दोन पार्ट्यांचा सामना लागला की एकेक गाणं अर्धा तास चाले. एक कडवं म्हणायचं, थांबायचं, त्यातली गोष्ट सांगायची, समोरच्या पार्टीला टोमणा मारायचा, मग दुसरं कडवं. तिथं शेवटचं कडवं म्हणजे डाव जिंकायचा क्षण. मग कॅसेट आली. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला अर्धाच तास, त्यात पाच-सहा गाणी बसवायची म्हणजे काहीतरी गाळावंच लागणार. तरी कॅसेटवाले बहुधा मधलं कडवं गाळत, शेवटचं ठेवत. पुढं २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद. सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं, ती गणपती-नवरात्रासकट वाटून घ्यायची. रात्रभराचे कार्यक्रम तिथंच आटपले. नियम वाईट असं मी म्हणत नाही, आजारी माणूस आमच्याही घरात आहे. पण ज्या कलेला पहाटेपर्यंतचा वेळ लागायचा तिला दहाच्या आत उरकायला लागलं. आता मोबाईलवर तीस सेकंदांत गाणं उरकतं. तीस सेकंदांत धृवपद दोनदा बसतं, वामन एकदाही बसत नाही.

तुमच्या बाजूनंही मी थोडं बोलते. ठोका बदलला याचं मला दुःख नाही. आमच्या पिढीतले काही लोक डीजे म्हटलं की नाक मुरडतात, त्यांच्यात मला धरू नका. वामनदादांनी १९४३ मध्ये पहिलं गाणं रचलं तेच मुळी हिंदी गाण्याचं विडंबन होतं. चालतं गाणं उचलायचं आणि आपले शब्द त्यावर चढवायचे, हे आपल्या पार्ट्या पहिल्यापासून करत आल्या. कव्वालीच्या चाली उचलल्या, सिनेमाच्या उचलल्या, लावणीच्याही उचलल्या. दादांनी स्वतः सिनेमासाठीही थोडी गाणी लिहिली. लोक ज्या चालीवर थांबतात त्या चालीवर बाबासाहेब सांगायचे, एवढं साधं गणित होतं. आज लोक तुमच्या ठोक्यावर थांबतात, तर तुमच्या ठोक्यावर सांगा. वामनदादा असते तर त्यांनी डीजेच्या गाडीपाशी उभं राहून नवं कडवं रचलं असतं, असं मला वाटतं.

मिरवणूक संपल्यावर दुसऱ्या दिवशी मी तो गाडीवरचा पोरगा गाठला. चांगला आहे, आयटीआय झालेला, मला मावशी म्हणतो. विचारलं, शेवटचं कडवं का कापलंस? आधी म्हणाला, “मावशी, अडीच मिनिटांच्या वर एकच गाणं चाललं की पोरं खाली बसतात.” मी म्हटलं, बसू दे, पाय दुखले असतील. मग थोडा गप्प राहून म्हणाला, “खरं सांगू? त्याला अजून कडवं आहे हेच मला माहीत नव्हतं. माझ्याकडं फाईल तेवढीच आली.” माझा अर्धा राग तिथं गेला आणि उरलेल्याची भीती झाली. कापणाऱ्याला आपण कापतोय हे तरी कळतं. याला मूळ गाणं केवढं होतं हेच ठाऊक नाही. आणखी एक पिढी गेली की अर्धं गाणं हेच पुरं गाणं.

त्यानंच मला एक उलटा प्रश्न केला. ज्या सिनेमाच्या गाण्यांच्या चाली पार्ट्यांनी उचलल्या, त्या चाली बांधणाऱ्यांची नावं तुमच्या वडिलांच्या वहीत आहेत का? नाहीत. मी घरी येऊन पाहिलं. ‘चाल – अमुक सिनेमाची’ एवढंच आहे, संगीतकाराचं नाव कुठंच नाही. या बाबतीत मी निरुत्तर आहे आणि तो पोरगा बरोबर आहे.

कायद्याचंही जाता जाता सांगते, कारण मंडळांतल्या काही वकील मित्रांना तेवढंच पटतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५७ वं कलम आहे. गाणं विकलं, हक्क लिहून दिले, तरी ‘हे माझं आहे’ असं म्हणायचा आणि कुणी त्याची मोडतोड करून आपल्या नावाला बट्टा लावला तर हरकत घ्यायचा हक्क लेखकाकडंच राहतो. त्याच्या मागं तो वारसांकडं जातो. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट चालतो, म्हणजे वामनदादांच्या गाण्यांवर २०६४ सालच्या अखेरपर्यंत. तेव्हा ‘पारंपरिक’ लिहिणं कायद्यानंही खोटं आहे. गीतकाराला रॉयल्टीतला वाटा सोडून देता येणार नाही अशी दुरुस्ती २०१२ मध्ये झाली, तोवर दादांना जाऊन आठ वर्षं झाली होती. आमचा वाटा कुठाय हो, असं विचारणाऱ्या माणसाचं हे असं झालं. पण तुमच्यावर कुणी दावा लावावा म्हणून हे लिहीत नाही. कोर्टात जायला आपल्या कुणाकडं पैसा आहे?

मला हवं ते एवढंच. मिरवणुकीत कापायचं तेवढं कापा, गाडी पुढं न्यायची असते, पोलीस मागं उभे असतात, मला कळतं. पण सकाळी पुतळ्याला हार घालताना, झेंडावंदनाला, जेव्हा नाचायचं नसतं तेव्हा एक गाणं तरी पुरं लावा. त्यातलं शेवटचं कडवं सुरू झालं की स्पीकरवर बोलू नका, पाहुण्यांचं आगमन तेवढं थांबवा. मोबाईलवर चढवताना नावाच्या रकान्यात गीतकार म्हणून ‘वामनदादा कर्डक’ लिहा, खाली स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलंत तरी चालेल. गाणं दुसऱ्या कुणाचं असेल तर त्याचं लिहा. आपल्याकडं कवी काही एकच झाला नाही, आणि सगळंच वामनदादांच्या नावावर खपवणं हाही अन्यायच. ‘भीमा तुझ्या मताचे’ लावाल तेव्हा आधी एकदा बसून ऐका. ते गाणं बाबासाहेबांची स्तुती करत नाही, आपल्यालाच झापतं. ‘वाणीत भीम आहे, करणीत भीम असता, वर्तन तुझ्या पिलांचे सारेच चोख असते’, असं ते म्हणतं. ती पिलं म्हणजे आपण. त्यावर शिट्ट्या मारत नाचताना मी तुम्हाला पाहते तेव्हा मला हसू येतं आणि वाईटही वाटतं. मी पण नाचले आहे त्यावर, लग्नाआधी.

वही माझ्याकडं आहे. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. वही कुणाला बाहेर द्यायची नाही असं त्यांनी सांगितलं होतं, ते मी पाळते. पण घरी येऊन बघायला बंदी नाही. रविवारी दुपारनंतर या, फोटो काढून न्या, चहा होईल. आई दारातच बसलेली असते. कोणतं गाणं हवं ते तिलाच सांगा, दिसत नसलं तरी पान ती बरोबर काढते. चाल तिला नीट येत नाही, शेवटचं कडवं मात्र म्हणून दाखवील.

तुमचीच,
पार्टीतल्या पेटीवाल्याची मुलगी, मनमाड

ता. क. – वहीतली मागची चार पानं उंदरांनी कुरतडली आहेत. तीन गाण्यांची शेवटची कडवी त्यात गेली, वडिलांनाही ती पुढं आठवली नाहीत. तुमच्या कुणाच्या आजीला येत असतील तर तिला सोबत घेऊन या.